ओलीस राजपुत्र आणि गिरणीवाल्याची पोरं

"आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!" असं म्हणून आपल्याकडे जर-तरच्या गप्पांची बोळवण करतात. पण खरं सांगू का, या खेळात आपण मराठी माणसं एकदम पटाईत. विश्वासरावांना पानिपतावर गोळी लागली नसती तर? थोरले माधवराव अजून वीस वर्षं जगले असते तर? चार डोकी जमली आणि चहा आला की कुणीतरी हा विषय काढतोच. नारळीकरांनी तर पहिल्या प्रश्नावर 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही झकास कथाच लिहून टाकली.

माझं पानिपत जरा वेगळ्या नकाशावर आहे. जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'च्या. पहिलं पुस्तक १९९६ चं, पाचवं २०११ चं, आणि त्यानंतर नुसतंच वाट बघणं. त्यावरची टीव्ही मालिका २०१९ मध्ये संपलीसुद्धा, पण पुस्तकवाल्यांचं दुःख वेगळं. पुढचं पुस्तक हातात नसलं की माणूस मागचीच पुस्तकं उलटीसुलटी करून वाचतो आणि मग "हे असं झालं असतं तर?" सुरू होतं. (ज्यांनी अजून पुस्तकं वाचलेली नाहीत त्यांनी इथेच थांबावं. पुढे रहस्यभेदाची रेलचेल आहे.)

खेळाचे नियम आधी सांगतो, नाहीतर खेळाला अर्थ नाही.

१. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. (बग शोधताना चार ठिकाणी एकदम कोड बदलणाऱ्याला आपण जे म्हणतो, तेच इथे लागू.)
२. माणसांचे स्वभाव बदलायचे नाहीत. टायविन लॅनिस्टर अचानक प्रेमळ आजोबा होणार नाही.
३. आकाशातून ड्रॅगन येऊन कुणाला सोडवणार नाही.

या खेळात मला सगळ्यात जास्त ओढ कुणाची, तर पकडल्या गेलेल्या राजघराण्यातल्या पोरांची. मार्टिनच्या जगात ओलीस ठेवणं हा चक्क एक व्यवहार आहे. घर भाड्याने घेताना आपण डिपॉझिट देतो ना, तसं. बंड मोडलं की हरलेल्याचं पोर आणून ठेवायचं. त्याला चांगलं खाऊपिऊ घालायचं, तलवार शिकवायची, आपल्या मुलांच्या पंगतीला बसवायचं. फक्त बाप पुन्हा वाकडं वागला तर त्याचं डोकं उडवायचं. बाकी सगळं घरच्यासारखंच!

तर आता एकेक केस घेऊ.

पहिली केस : सान्सा स्टार्क

रॉब स्टार्क उत्तरेचा राजा झालाय. त्याच्या तुरुंगात जेमी लॅनिस्टर आहे, म्हणजे टायविनचा मोठा मुलगा. लॅनिस्टरांकडे रॉबची बहीण सान्सा आहे. धाकटी आर्यासुद्धा आहे असा सगळ्यांचा समज आहे. प्रत्यक्षात आर्या केव्हाच निसटलेली आहे. सरळ हिशोब दिसतो, की एक जेमी द्या आणि दोन बहिणी घ्या. रॉब तो करत नाही. पहिल्यांदा वाचताना आपण रॉबवर भयंकर चिडतो. सख्खी बहीण तिकडे भर दरबारात मार खातेय आणि हा गडी कसले हिशोब करतोय?

समजा केला असता सौदा. मग काय?

जेमीने लढाईत कारस्टार्कची दोन मुलं मारलेली आहेत. जेमी सुटला की कारस्टार्क आपलं सैन्य घेऊन घरी जाणार. लॅनिस्टरांकडे द्यायला एकच मुलगी आहे, त्यामुळे "दुसरी कुठाय?" यावरून तिथल्या तिथे तलवारी निघणार. तेही निभावलं आणि सान्सा आईजवळ रिव्हररनला पोचली असं धरू. पुढे? रॉबला मित्र हवे आहेत आणि मित्र जोडायचा एकच खात्रीचा मार्ग तिथे आहे, लग्न. नदीवरचा एक पूल ओलांडायला मिळावा म्हणून आर्याचं लग्न आधीच फ्रे घराण्यातल्या एका पोराशी ठरवून टाकलेलं आहे, आणि तेही तिला न विचारता, ती जिवंत आहे का नाही हेही माहीत नसताना. मग सान्साचा नंबर यायला किती दिवस लागले असते? म्हणजे मोहरा शत्रूच्या पटावरून उचलला आणि आपल्या पटावर ठेवला. पट तोच.

सान्साची दुसरी वाट हायगार्डनची. टिरेल मंडळी तिला गुपचूप तिकडे नेऊन आपल्या मोठ्या नातवाशी, विलसशी, तिचं लग्न लावणार असतात. (मी हे नाव दरवेळी 'विलास' असंच वाचतो आणि डोळ्यांसमोर आपला कुणीतरी समंजस विलासराव येतो.) पायाने अधू, पण ससाणे, कुत्री, घोडे यांत रमणारा सज्जन माणूस. बातमी फुटते आणि टायविन घाईघाईने तिचं लग्न आपल्या धाकट्या मुलाशी, टिरियनशी, लावून टाकतो. समजा बातमी फुटली नसती, तर सान्सा फुलाफळांच्या देशात सुखी झाली असती का? कदाचित. पण टिरेलांनाही ती हवी होती ती विंटरफेलची वारस म्हणूनच. आपल्याशी कुणीच नुसत्या प्रेमापोटी लग्न करणार नाही, हे पुस्तकात त्या पोरीला स्वतःलाच कळून चुकतं. तेरा वर्षांच्या आसपास वय असेल तेव्हा तिचं.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सान्सा मुळात वारस झाली कशी? तिला दोन धाकटे भाऊ होते, ब्रॅन आणि रिकन. ते मारले गेल्याची बातमी आली आणि एका रात्रीत सान्साचा भाव वाढला.

दुसरी केस : थिऑन ग्रेजॉय

हा सगळ्यात गुंतागुंतीचा. लोहबेटांचा राजा म्हणवून घेणाऱ्या बेलॉनचं बंड मोडलं. मोठे दोन मुलगे त्यात मेले. उरलेला धाकटा थिऑन, वय वर्षं दहा, तो नेड स्टार्कने विंटरफेलला नेला. तिथे तो रॉबबरोबर वाढला, त्याच्याबरोबर शिकारीला गेला, हसला-खिदळला. पण रोज ज्या माणसासमोर जेवायला बसायचं, तोच एक दिवस आपलं डोकं उडवू शकतो, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. नेड स्टार्क सज्जन होताच. म्हणूनच तर भीती जास्त, कारण सज्जन माणूस दिलेला शब्द पाळतो.

रॉब राजा झाल्यावर थिऑनला बापाकडे पाठवतो, मैत्रीचा प्रस्ताव घेऊन. आई बजावते की दुसऱ्या कुणालाही पाठव, याला नको. रॉब ऐकत नाही. बाप पोराला बघून थंडपणे विचारतो, हे कपडे कुणाचे, हा दागिना कुठून आणला. दहा वर्षं 'तू त्यांचा' म्हणून इकडे परका, आणि आता 'तू तिकडचा' म्हणून तिकडेही परका. मग हा गडी आपण बापाचेच आहोत हे सिद्ध करायला मूठभर माणसं घेऊन थेट विंटरफेलच जिंकतो. ज्या घरात वाढला, तेच.

आईचं ऐकलं असतं तर? आमच्या टीममधला एक मित्र या बाबतीत ठाम आहे.

"अरे सोपं आहे. थिऑनला पाठवलंच नसतं तर विंटरफेल पडलंच नसतं. विषय संपला."

"आणि बेलॉन? त्याची जहाजं आधीच तयार होती. मुलगा रॉबच्या छावणीत असता तरी तो उत्तरेवर चालून गेलाच असता. त्याने मुलगा कधीच खर्ची टाकला होता."

"मग जाऊ दे ना. ओलीस आहे की आपल्याकडे."

"तेच तर. मग ओलिसाचं काय करायचं असतं?"

यावर तो गप्प बसला, कारण उत्तर दोघांनाही माहीत होतं. ओलीस ठेवण्याला अर्थ तेव्हाच, जेव्हा तुम्ही त्याला खरंच मारायला तयार असता. रॉबला भावासारख्या मित्राचं डोकं स्वतःच्या हाताने उडवावं लागलं असतं. नाही उडवलं तर सरदार म्हणणार, राजा कच्चा आहे. उडवलं तर रॉब तो रॉब राहत नाही. म्हणजे या फाट्यावर डावीकडे खड्डा आणि उजवीकडे विहीर.

आता जरा खऱ्या इतिहासाकडे

मार्टिनने हे सगळं हवेतून काढलेलं नाही. इंग्लंडमधल्या 'वॉर्स ऑफ द रोझेस'चा आपल्यावर प्रभाव आहे हे त्याने स्वतःच सांगितलंय. यॉर्क आणि लँकेस्टर ही दोन घराणी आठवा, आणि मग स्टार्क-लॅनिस्टर ही नावं पुन्हा म्हणून बघा.

त्यातली सगळ्यात गाजलेली ओलीस पोरं म्हणजे लंडनच्या टॉवरमधले दोन राजपुत्र. १४८३ मध्ये चौथा एडवर्ड वारला. त्याचा बारा वर्षांचा मुलगा पाचवा एडवर्ड आणि नऊ वर्षांचा रिचर्ड टॉवरमध्ये गेले, काकाने गादी घेतली आणि ती पोरं पुन्हा कुणाला दिसली नाहीत. पाचशेहून जास्त वर्षं लोक जर-तर खेळताहेत. ती जगली असती तर? पळाली असती तर?

पण मला जास्त चटका लावतो तो त्यांचा चुलतभाऊ, वॉरिकचा अर्ल एडवर्ड. १४८५ मध्ये सातव्या हेन्रीने गादी मिळवली आणि या दहा वर्षांच्या पोराला टॉवरमध्ये टाकलं. गुन्हा काय, तर रक्तात यॉर्क घराणं. १४८७ मध्ये लँबर्ट सिम्नेल नावाच्या एका सामान्य घरातल्या मुलाला "हाच वॉरिक" म्हणून उभं केलं गेलं आणि डब्लिनमध्ये चक्क राज्याभिषेक झाला. हेन्रीने खऱ्या वॉरिकला टॉवरमधून बाहेर काढून लंडनमध्ये लोकांना दाखवलं, आणि परत आत ठेवलं. स्टोकच्या लढाईत बंड मोडलं. तोतया सिम्नेलचं काय झालं? हेन्रीने त्याला माफ करून आपल्या मुदपाकखान्यात कामाला लावलं! पुढे तो राजाचे ससाणे सांभाळू लागला. आणि खरा वॉरिक? चौदा वर्षं कोंडून ठेवून १४९९ मध्ये त्याचा शिरच्छेद केला.

खोटा वाचला, खरा मेला. लढाई संपल्यावर सिम्नेलची किंमत शून्य झाली, म्हणून तो जगला. वॉरिकची किंमत काही केल्या शून्य होईना.

आपल्याकडचं उदाहरण तर घराघरांत माहीत आहे. १६८९ मध्ये रायगड पडला आणि येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू औरंगजेबाच्या छावणीत गेले. तिथे अठरा वर्षं काढली. १७०७ मध्ये औरंगजेब गेल्यावर शाहू सुटले, पण ते कुणाला दया आली म्हणून नव्हे. हा मुलगा परत गेला की मराठे आपसात लढतील, असा मोगलांचा साधा हिशोब. तो खरा ठरला. इकडे ताराबाईंच्या बाजूने हा शाहू नव्हेच, तोतया आहे, असं म्हटलं गेलं आणि खेडला मराठ्यांचीच मराठ्यांशी लढाई झाली. येसूबाई मात्र ओलीसच राहिल्या, त्या परत आल्या थेट १७१९ मध्ये. सुटका हीसुद्धा एक चालच असू शकते. सान्साच्या केसमध्ये मी पट तोच म्हणालो, ते याचसाठी.

तरी एक फरक मला दिसतो. शाहू परत आले ते थिऑन होऊन आले नाहीत. आपण कुणाचे, हा प्रश्न त्यांना पडलेला दिसत नाही. माझा आपला अंदाज असा, की सातव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत आई बरोबर होती. छावणी शत्रूची, पण तंबूत भाषा घरची. थिऑनला दहाव्या वर्षानंतर तसं 'तू आपला' म्हणणारं कुणीच नव्हतं. वेस्टेरॉसमध्ये एकच गोष्ट बदलायला मिळाली तर थिऑनबरोबर त्याच्या आईलाही विंटरफेलला पाठवा, मग बघा काय होतं ते. (नियमात बसतं की नाही ते तुम्ही ठरवा.)

शेवटची केस : ब्रॅन आणि रिकन

आता मूळ मुद्दा. थिऑन विंटरफेल घेतो तेव्हा हे दोघे त्याचे कैदी होतात. ब्रॅन पायाने अधू, रिकन अगदीच लहान. एका रात्री दोघं निसटतात. थिऑन कुत्री घेऊन शोधतो, सापडत नाहीत. (ती कुठे असतात? विंटरफेलच्याच तळघरात, पूर्वजांच्या थडग्यांमध्ये!) अधू पोराने आणि एवढ्याशा पोराने आपल्याला गंडवलं हे जगाला कळलं तर सगळे हसतील. बाप तर हसेलच. मग थिऑन काय करतो? जवळच्या एका गिरणीवाल्याची दोन पोरं मारतो, ओळखू येऊ नयेत अशी त्यांची मुंडकी डांबरात बुडवून भिंतीवर लावतो आणि जाहीर करतो, की हे बघा, ब्रॅन आणि रिकन.

आपल्या धंद्यातल्या माणसाला हा प्रकार लगेच ओळखू येईल. आधी बग. तो लपवायला पॅच. मग पॅच लपवायला दुसरा पॅच. गुपित माहीत असलेली आपलीच तीन माणसं थिऑन संपवतो आणि त्या खुनांसाठी कुत्री सांभाळणाऱ्या एका निरपराध माणसाचा बळी देतो.

आणि मग ही खोटी बातमी प्रवासाला निघते. कुठे कुठे जाते बघा.

ती जखमी रॉबपर्यंत पोचते. भाऊ गेल्याच्या दुःखात तो शुश्रूषा करणाऱ्या मुलीला जवळ करतो, तिची अब्रू राखायला तिच्याशी लग्न करतो, आणि फ्रे घराण्याला दिलेला शब्द मोडतो. ती आईपर्यंत पोचते. दोन मुलगे गेले, निदान मुली तरी परत मिळोत म्हणून ती रॉबच्या नकळत जेमीला सोडून देते. त्यावर चिडून कारस्टार्क कैदेतली दोन लॅनिस्टर बाजूची पोरं मारतो, रॉब कारस्टार्कला मृत्युदंड देतो आणि बळ गमावतो. आता फ्रेंची मनधरणी करण्यावाचून इलाज नाही, म्हणून एका लग्नाचं आमंत्रण. त्या लग्नात काय होतं ते वाचलेल्यांना सांगायला नको आणि न वाचलेल्यांना सांगवत नाही. आणि तीच बातमी टिरेल आणि टायविनपर्यंत पोचते. सान्साचा भाव वाढतो. तो वर लक्षात ठेवायला सांगितला होता तोच.

आता बदल करू. फक्त एक. थिऑन सकाळी अंगणात येऊन सांगतो, "पोरं पळाली. सापडली नाहीत."

बस्स. ना सैन्य लागत, ना कुणाला फितवावं लागत. लोक हसले असते. बापाने टोमणा मारला असता. पण रॉबला कळलं असतं की किल्ला गेला तरी भाऊ जिवंत आहेत. बहुधा ते लग्न झालं नसतं, जेमी कोठडीतच राहिला असता, सान्सा वारस ठरली नसती. युद्ध रॉबने जिंकलंच असतं असं मी म्हणणार नाही. टिरेल लॅनिस्टरांना मिळालेलेच होते आणि रूस बोल्टनच्या मनात काय होतं ते देव जाणे. पण हरला असता तर रणांगणावर हरला असता, जेवणाच्या टेबलावर नाही.

अख्ख्या गाथेतली सगळ्यात स्वस्त दुरुस्ती ही. किंमत काय, तर एका माणसाने थोडं हसं सोसायचं. पण दोन घरांच्या मध्ये वाढलेल्या, दोन्हीकडे परक्या ठरलेल्या थिऑनला नेमकं तेच परवडणारं नव्हतं. दहाव्या वर्षी नेलेलं डिपॉझिट असं व्याजासकट वसूल झालं.

आणि ती गिरणीवाल्याची पोरं? त्यांना पुस्तकात नावंसुद्धा नाहीत. ब्रॅन-रिकन सुटले म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो आणि पान उलटतो. सान्साच्या तीन वाटा, थिऑनच्या चार, वॉरिकच्या, टॉवरमधल्या राजपुत्रांच्या शेकडो. त्या दोघांची जर-तर मात्र कुणी मांडत नाही. मांडायची तरी काय? राजा होणार नाहीत, पळून जाऊन सैन्य उभारणार नाहीत. ती दोघं मोठी होऊन त्याच गिरणीत दळण दळत बसली असती. टायविन ज्या तराजूत माणसं तोलतो त्याच तराजूत आपणही तोलतो, फक्त आपण त्याला आवडती पात्रं म्हणतो.

सिम्नेलची किंमत शून्य होती म्हणून तो जगला. या पोरांची किंमत शून्य होती म्हणून ती मेली. शून्य तेच. फरक कुणाच्या हातात सापडलो एवढाच.

तर मंडळी, या खेळात माझी चाल हीच. मला रॉबला वाचवायचं नाही, सान्साला हायगार्डनला पोचवायचं नाही. मला त्या दोन पोरांना वाचवायचंय. मोठा ब्रॅनएवढा, धाकटा रिकनएवढा. ती वाचली तर राज्यं आपोआप वाचतील किंवा नाही वाचणार. ते त्यांचं ते बघतील.

असो. सोमवारी रिलीज आहे. चला, झोपतो.